सोमवारची गोळी

कोकिळा माझ्या लक्षात आली ती चहामुळं. दोन हजार आठ सालच्या जूनमध्ये ती तिच्या मुलीचं, सोनूचं, नाव पहिलीत घालायला फुलसावंगीच्या आमच्या शाळेत आली होती. पालकांना चहा आला. बाकीच्या बाया पदरानं कप धरून फुंकर मारत होत्या. हिनं कापडी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढला, कप उंचावरून त्यात ओतला, रिकामा कप ओठाला न लावता ट्रेमध्ये परत ठेवला. हे सगळं इतक्या सवयीनं केलं की कोणाचं लक्षही गेलं नाही. माझं गेलं. घरी आल्यावर मी कुंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, म्हणालो, "आज एक फार सोवळ्याची बाई आली होती शाळेत." आम्ही दोघं त्यावर थोडं हसलोही. ते हसणं मला पुढं बरीच वर्षं टोचत राहिलं.

खरं काय ते सोनू चौथीत असताना कळलं. एक दिवस शाळा सुटल्यावर कोकिळा वर्गाच्या दाराशी उभी राहिली. मुलं गेल्याची खात्री केली आणि म्हणाली, "गुरुजी, मले एचआयव्ही हाय. सोनूले नाई, तिची तपासनी झाली. कोनी तिले काई म्हनलं तं तुमाले आधीच ठाव असावं, म्हून सांगून राह्यली."

मी तिला बसायला सांगितलं. मग, का कोण जाणे, गिलासाचंच विचारलं.

"चहाच्या कपानं होत नाई जी. मले ठाव हाय," ती म्हणाली. "पन उद्या कोनाले समजलं, तं थो मानूस आठवत बसते, इनं माह्या घरी कोन्या कपात चहा घेतलता. कायले त्याच्या जिवाले घोर?"

मी शिपायाला चहा आणायला सांगितला आणि कप तिच्या हातात दिला. तिनं दोन घोट घेतले. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या शाळेतला चहा थंडा असते."

तिचा नवरा बोअरवेलच्या गाडीवर कामाला होता. गाडी वर्षातले आठ महिने आंध्रात, कर्नाटकात फिरायची. तो याच आजारानं गेला तेव्हा कोकिळा सव्वीस वर्षांची होती. त्याच्या मागोमाग तिचीही तपासणी झाली. तेव्हा तिचं वजन चौतीस किलो होतं, हे ती आजही सांगते, आणि सांगताना दंड पुढं करून दाखवते की पाहा, आता कसा आहे. सासरच्यांनी ठेवली नाही. भावानं ठेवली, पण स्वयंपाकघराबाहेर. मग ती फुलसावंगीला एक खोली घेऊन राहिली. निंदणाला, कापूस वेचायला जायची आणि महिन्याला गोळ्या आणायची. सुरुवातीला त्यासाठी यवतमाळला जावं लागे, पुढं पुसदला मिळू लागल्या. वजन वाढलं, रंग परत आला. त्याच सुमारास तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेला अशी बाई हवी होती जी घरोघर जाईल, गोळ्या पोचवेल, तपासणीला सोबत करेल आणि तोंड बंद ठेवेल. कोकिळाला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तोंड बंद ठेवाची तं मले सवयच हाय."

तिची कामाची पद्धत मी सेवानिवृत्तीनंतर जवळून पाहिली, कारण दुपारी थकली की ती आमच्या ओसरीवर टेकायची. कोणाच्याही घरी ती सरळ काम काढत नसे. आधी पाणी मागायची. पाणी आणायला जो उठेल, तो गेल्यावर उरलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायची. घरात फक्त एकालाच माहीत असेल तर तिथं ती बचत गटाची बाई असे. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडल्याचं बोलता बोलता विचारायची, "आन् तुमची तब्येत?" त्या विचारण्यातलं काय कोणासाठी, ते ज्याचं त्याला समजायचं. कोणाच्या घरी कोणाला काय आहे, हे तिनं आम्हाला कधीही सांगितलं नाही. एकदा कुंदानं सहज एका घराबद्दल विचारलं, तर म्हणाली, "बाई, त्यायच्या घरचं लोनचं मस्त असते." तेवढंच.

तिच्यात एक उणीव मात्र होती. संस्थेच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की दर महिन्याला जुन्या डबीत किती गोळ्या उरल्या ते मोजायचं. कोकिळा मोजत नसे. "आपल्या मानसाच्या डबीत हात घालून मोजू काय? चोर हाय काय थो?" असं ती म्हणे. विचारायची, समोरचा हो म्हणाला की झालं. स्वतः ती इतकी नेमाची होती, की दुसऱ्याचा शब्द तिला पुरे वाटायचा.

आता जे लिहितो ते दिपाली आणि अंकुर यांच्या परवानगीनं. त्यांची नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहीत नाही. फुलसावंगीपासून चालत पाऊण तासावर आहे, एवढं पुरे. कोकिळाचं नाव खरं आहे. "माहं बदलू नका," ती म्हणाली, "नाईतं लोक म्हनतील गुरुजीनं मनानं लिवलं."

अंकुर कपाशी-तुरीची शेती करणारा मुलगा. लग्नानंतर वर्षभरात तो आजारी पडला आणि तपासणीत दोघांनाही एचआयव्ही निघाला. दोघांनी गोळ्या सुरू केल्या. वर्षभरात दोघांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतका उरला नाही. पहिलं बाळ मात्र तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, त्याचा या आजाराशी संबंध नव्हता. दोन वर्षांनी पुसदच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी पुन्हा मूल होऊ द्यायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, विषाणू असाच दबलेला राहिला तर बाळाला काही होण्याची भीती फार थोडी. दिपालीला दिवस गेले. आता पुसदला वारंवार जायला नको म्हणून तिच्या गोळ्या कोकिळा घरी पोचवू लागली.

पाचव्या महिन्यात तपासणी झाली. दिपालीच्या अहवालात विषाणूंचा आकडा होता चौदा हजार.

अंकुरचा अहवाल स्वच्छ होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकते का?" दिपाली म्हणाली, "नाही." डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आकडा असाच राहिला तर बाळंतपणात बाळाला लागण होऊ शकते. तीन महिने एकही गोळी चुकवायची नाही, आठव्या महिन्यात पुन्हा रक्त घेऊ, तेव्हाही आकडा वरच असेल तर गोळ्या बदलाव्या लागतील. पण तोवर वेळ थोडा उरेल.

परतीच्या बसमध्ये दिपाली खिडकीकडं तोंड करून बसली होती. कोकिळा मला पुढं म्हणाली, "गुरुजी, मले तिचा राग आलता. वाटलं, पोट्टी खोटं बोलून राह्यली."

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत ती तीनदा त्या घरी गेली. उलटी होते का विचारलं. डबी कुठं ठेवतेस, उन्हात तर नाही ना, पाहिलं. अंकुरला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाठून विचारलं, तू तिच्या डबीतल्या घेत नाहीस ना. तो चिडला. "मावशी, माह्या लेकराचा सवाल हाय. मी तिच्या घेईन काय?" दिपालीची सासू पंचफुलाबाई, त्यांना दोघांचं सगळं माहीत होतं. त्या तर दारातच म्हणाल्या, "रोज रोज काय तपास लावला वं? सकाळी जेवली का गोळी घेते माही सून. माह्या डोयासमोर घेते." त्या खोटं बोलत नव्हत्या. दिपालीही खोटं बोलत नव्हती.

चौथ्या वेळी कोकिळा सोमवारी गेली. तिचा त्या गावचा वार मंगळवार. पण त्या मंगळवारी तालुक्याला बैठक होती म्हणून ती एक दिवस आधी निघाली, आणि सकाळी दहाला, म्हणजे शेतावर जाण्याआधीच्या जेवणाच्या वेळेला, तिथं पोचली. चुलीवर भाकरीचा तवा नव्हता. पंचफुलाबाई साबुदाण्याची उसळ परतत होत्या. दिपालीनं कोकिळासमोरही बशी ठेवली. उसळ खाऊन झाली, हात धुतले, आणि दिपाली भांडी उचलायला लागली.

"गोळी?" कोकिळानं विचारलं.

"आज सोमवार हाय ना मावशी."

"मंग?"

"मंग आज जेवन कुठं झालं?" दिपाली अगदी साधेपणानं म्हणाली. "तुमीच तं सांगतलं, सकाळी जेवल्यावर घ्यायची आन् वेळ चुकवायची नाई. उपासाच्या दिवशी सकाळी फराळ असते. रात्री उपास सोडतो, पन तवा वेळ निघून जाते. म्हून त्या दिवशीची मी ठेवून देते."

कोकिळानंच सांगितलं होतं ते, गोळ्या सुरू झाल्या तेव्हा. जेवणाशी जोडली की गोळी विसरत नाही, हा तिचा स्वतःचा अनुभव होता. गोळीला जेवण लागतच नाही, पाण्याबरोबरही चालते, हे सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा दिपाली महिन्यातून एखादी चतुर्थी धरायची, त्यानं फरक पडला नाही. पण या वेळी बाळ नीट व्हावं म्हणून दिपालीनं सोळा सोमवार बोलले होते, सासूनं तिच्याकडून गुरुवार धरवले होते, माहेरून आईनं शनिवार सांगून पाठवला होता. वर चतुर्थी आणि एकादशी.

"ठेवलेल्या कुठं हायेत?"

दिपालीनं देवघरातून एक हातरुमाल आणला. गाठ सोडली. टाकून देणं बरं नाही म्हणून तिनं त्या देवाजवळ ठेवल्या होत्या. कोकिळानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गोळ्या मोजल्या. आधीच्या चतुर्थींच्या धरून एकसष्ट भरल्या.

त्या दुपारी ती आमच्याकडं आली तेव्हा पाणीसुद्धा न पिता बसली. मला म्हणाली, "गुरुजी, औषिद घेतलं तं उपास मोडते काय? कुठं लिवून हाय काय?"

मी आठवत राहिलो. मी शाळेत गणित शिकवलं, माझा या विषयात हात नाही. आतून कुंदाच बाहेर आली. ती पुसदच्या वकिलाची मुलगी, पण माहेरी सोवळं कडक होतं आणि आजीजवळ वाढलेली. म्हणाली, "मी एकादशीला माझी बीपीची गोळी काय सोडते का? आमच्या आजी सांगायच्या, आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंद, फळ, दूध, होमातला प्रसाद, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध."

"शेवटचं कोनतं म्हनलं?"

"औषध."

"गुरुजी, लिवून द्या. मोठ्या अक्षरात लिवा, सासूबाईले चश्मा नाई."

कोणाची सासू ते मी विचारलं नाही. फळ्यावर लिहायचो तसं मोठं अक्षर काढून आठही गोष्टी लिहून दिल्या. कोकिळानं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. उठताना मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्याच तोंडानं झालं जी हे," एवढंच म्हणाली आणि त्याच उन्हात परत गेली.

पुढचा प्रसंग मला दिपालीनं सांगितला, आणि पंचफुलाबाईंची नक्कल करत सांगितला.

पंचफुलाबाईंनी कागद लांब धरून वाचला. "हे कोन्या पोथीत हाय?"

"मास्तरनीच्या आजीनं सांगतलं."

"मास्तरनीची आजी काय देव होती काय?"

"देव नसन, पन तुमच्याहून जादा उपास केले तिनं."

"तू मले शिकवू नको. आता हे पाचवा महिना सरला, सोमवार निम्मे झाले. मधात काई उनं झालं आन् पोराले लागलं तं कोन भरन?"

त्यावर कोकिळानं ते केलं जे त्या घरात तिनं कधी केलं नव्हतं. पिशवीतून स्वतःची डबी काढून पंचफुलाबाईंच्या पुढं ठेवली. म्हणाली, "माय, मीबी उपास धरते तुमच्या सुनेसंगं. दर सोमवारी इथं येईन, आमी दोघी एकदम गोळी घेऊ. पाप लागलं तं मले आधी लागू द्या."

"तुले कायची गोळी?"

"हेच. सोळा वर्सं झाले."

पंचफुलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसत नाई वं," त्या म्हणाल्या. आणि उठून आतून आणखी एक पाट घेऊन आल्या.

उपास मग त्या घरात वाटून घेतले गेले. सोमवार दिपालीचे, कारण ते तिनं स्वतः बोलले होते, आणि दूध, शेंगदाणे भरपूर खाऊन. डॉक्टरांनीही तेवढ्याला हरकत घेतली नाही. गुरुवार पंचफुलाबाईंनी स्वतःकडं घेतला. शनिवार माहेरी परत पाठवला, "तुयाच मायले धरू दे" असं म्हणून. चतुर्थी अंकुरच्या वाट्याला आली. तो पहिल्याच चतुर्थीला दुपारी धुऱ्यावर भजी खाताना सापडला. पंचफुलाबाई म्हणाल्या, "जाऊ दे, चतुर्थी आन् एकादशीबी माह्याचकडं दे."

कोकिळानं पुसदला जाऊन डॉक्टरांना चूक कोणाची ते सांगितलं. मी सोबत नव्हतो, पण ती काय म्हणाली ते मला माहीत आहे, कारण तिनं येताना आमच्याकडं थांबून पुन्हा म्हणून दाखवलं: "साहेब, पोरीनं एकबी गोळी मनानं चुकवली नाई. मी सांगतलं तसंच केलं. लिवायचं तं माह्या नावानं लिवा." डॉक्टर म्हणाले, कारण सापडलं हेच मोठं आहे, आता तीन महिने काढा.

ते तीन महिने कोकिळा दर सोमवारी सकाळी नऊला निघायची आणि पाऊण तास चालायची. तिची स्वतःची गोळी रात्रीची होती. ती तिनं डॉक्टरांना विचारून सकाळी दहावर आणली. बाकीच्या दिवशी दहा वाजता ती जिथं असेल तिथून दिपालीला फोन लावायची. एकदा आमच्या ओसरीवरून लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, हिनं फक्त म्हटलं, "झाली? माहीबी झाली. ठेव." दहा सेकंदांचा फोन.

आठव्या महिन्यात रक्त गेलं. अहवालाला दहाबारा दिवस लागतात. त्या दिवसांत कोकिळा आमच्याकडं आली की सोयाबीनचंसुद्धा बोलत नसे. कुंदानं तिला एकदा विचारलं, "तुझं काही दुखतंय का?" ती म्हणाली, "नाई बाई, कान फोनकडे हायेत."

फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच गावात एका घरी पाणी मागून बसली होती. अहवालात आकडाच नव्हता. विषाणू सापडला नाही, असं होतं. समोर त्या घरची माणसं, त्यांना काहीच माहीत नाही, सांगता येत नाही. कोकिळा म्हणाली, "माह्या बहिनीच्या पोरीचा रिझल्ट लागला." त्या घरच्या म्हातारीनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

दिपालीला मुलगी झाली. नाव नयन. बाळाला सहा आठवडे औषधाचे थेंब द्यायचे होते, ते पंचफुलाबाईंनी घड्याळ लावून दिले, एकही वेळ कोणाला देऊ दिली नाही. सहाव्या आठवड्यातली तपासणी चांगली आली, सहाव्या महिन्यातली आली, वर्षाची आली. तरी शेवटचा शब्द दीड वर्षाच्या तपासणीचा असतो. त्या दिवशी पुसदला अंकुर, दिपाली, पंचफुलाबाई आणि कोकिळा असे चौघं गेले. नयन बाकाखाली शिरून कोणाची तरी चप्पल ओढत होती. आतून नाव पुकारलं, अंकुर आणि दिपाली गेले. पंचफुलाबाईंनी कोकिळाचा हात इतका घट्ट धरला की दोन बांगड्या फुटल्या. पाच मिनिटांनी दार उघडलं. अंकुर रडत होता. तेवढ्यात मागून दिपाली हसत आली आणि म्हणाली, "काई नाई आत्याबाई, काईच नाई निघालं. यायले रडूच आवरत नाई."

"मंग रडून कायले राह्यला रे भाड्या," पंचफुलाबाई ओरडल्या, "माहा जीव गेलता ना!"

परत येताना ते सगळे आमच्याकडं उतरले. तेव्हा मला कळलं की मी मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद कोणाच्या घरी गेला होता. पेढे कुंदाच्या हातात देत पंचफुलाबाई म्हणाल्या, "तुमच्या आजीच्या नावानं आनले." नयन माझ्या पुस्तकांच्या मांडणीकडं सरळ चालत गेली आणि खालच्या कप्प्यातलं पंचांग ओढून काढलं. दिपालीनं ते तिच्या हातातून घेतलं. कोकिळा ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिला झोप लागली होती, भर दुपारी, इतक्या माणसांत. कोणी तिला उठवलं नाही.

आता कोकिळा चव्वेचाळीस वर्षांची आहे. सोनू यवतमाळला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोकिळाकडं चार गावांतली बावीस घरं आहेत आणि प्रत्येक घरी ती दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजते. दिपालीकडं दर सोमवारी जावं लागत नाही, महिन्यातून एकदाच जाते.